चार इंजिने आणि एक डोंगर : वारसा रेल्वेचे अवघड गणित

१/
२२ मार्च १९०७ रोजी नेरळ-माथेरान हा दोन फुटी रेल्वेमार्ग वाहतुकीस खुला झाला. सर आदमजी पीरभॉय यांचे सुमारे १६ लाख रुपये आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांतून तो उभा राहिला, ही कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आजच्या धाग्याचा विषय तिच्याच पोटातला, पण क्वचित चर्चिला जाणारा आहे. ज्या रेल्वेकडे इंजिनेच मोजकी असतात, ती रेल्वे चालते कशी आणि अडते कुठे?

२/
माथेरानच्या मार्गासाठी वाफेची जी इंजिने खास घडवली गेली, ती एकूण चार. क्रमांक ७३८, ७३९, ७४० आणि ७४१. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्यात ती तयार झाली. एका डोंगरी रेल्वेचा जवळजवळ पाऊण शतकाचा वाफेचा इतिहास या चार यंत्रांच्या पाठीवर उभा आहे. ‘चारच का?’ या प्रश्नाचे उत्तर पैशांपेक्षा डोंगराच्या आकारात अधिक सापडते.

३/
सुमारे २१ किलोमीटरच्या या वाटेवर सर्वांत तीव्र चढ २० फुटांमागे १ फुटाचा आहे आणि वळणे अत्यंत आवळ. अशा वळणावर तीन जोड्या चाकांचे ताठ इंजिन एकतर रूळ रेटते किंवा स्वतः घसरते. म्हणून या इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे पोकळ आस बसवले होते. चाकांची टोकाची जोडी वळणानुसार थोडी बाजूला सरकू शके आणि तरीही तिला शक्ती मिळत राही. या रचनेमागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सल्ला होता. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे अभियंते म्हणून महाराष्ट्राला त्यांची ओळख आहे.

४/
येथेच पहिली गाठ पडते. जे यंत्र एका डोंगरासाठी इतके नेमके बेतलेले असते, त्याला जोडीदार मिळत नाही. भुसावळला एखादे ब्रॉडगेज इंजिन बिघडले तर शेजारच्या शेडमधून दुसरे मागवता येत असे. स्वातंत्र्योत्तर काळातील डब्ल्यूजी वर्गाची दोन हजारांहून अधिक इंजिने देशभर धावत होती. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसे, एका शेडचा कारागीर दुसऱ्या शेडमध्ये परका नसे. माथेरानचे इंजिन बिघडले तर त्याची जागा घेण्यास उरलेली तीनच भावंडे होती.

५/
आता या ‘चार’ आकड्याचे गणित मांडून पाहू. कागदावर चार इंजिने म्हणजे चार गाड्यांची सोय वाटते. प्रत्यक्षात वाफेचे इंजिन रोज सकाळी किल्ली फिरवून सुरू होत नाही. थंड बॉयलर पेटवल्यापासून पुरेसा दाब चढेपर्यंत कित्येक तास लागतात. घाईने तापवल्यास पत्रा असमान प्रसरण पावतो, सांधे गळू लागतात. परतल्यावर राख काढणे, धुरपेटी साफ करणे, वंगण घालणे ही कामे ठरलेली. पहिली गाडी सकाळी सुटायची असेल तर कोणाची तरी रात्र शेडमध्ये गेलेली असते.

६/
ठरावीक दिवसांनी बॉयलर पूर्ण निववून धुवावा लागतो. पाण्यातील क्षारांचा थर नळ्यांवर बसतो, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि लोखंड जळू लागते. धुणे लांबवले तर प्रथम कोळसा अधिक लागतो, मग नळ्या गळतात आणि शेवटी प्रश्न सुरक्षिततेचा होतो. याशिवाय काही वर्षांनी संपूर्ण इंजिन उकलून नळ्या बदलणे, चाकांच्या कडा घासून नीट करणे आणि बॉयलरची दाबचाचणी घेणे अटळ असते. हे काम महिनोन्महिने चालते.

७/
म्हणजे चारपैकी एक इंजिन मोठ्या दुरुस्तीत, दुसरे धुण्यासाठी थंड केलेले, तिसरे गाडीवर आणि चौथे ऐनवेळी उपयोगी पडावे म्हणून राखीव. ही झाली आदर्श स्थिती. राखीव इंजिनही सुट्टीच्या गर्दीत बाहेर काढले की पहिल्याच बिघाडाला गाडी रद्द होते. कमी इंजिने असलेल्या रेल्वेचे वेळापत्रक प्रवासी ठरवत नाहीत आणि स्टेशनमास्तरही ठरवत नाहीत. ते बॉयलर ठरवतो.

८/
माथेरानला मात्र निसर्गाने एक सवलत दिली होती. सह्याद्रीतील पावसामुळे ही गाडी पावसाळ्यात बंद ठेवण्याचा प्रघात पडला. प्रवाशांना जी गैरसोय वाटते, ती शेडसाठी वर्षातून एकदा लाभणारी उसंत असते. हंगामी बंद काळात इंजिने उकलण्याची ही सोय जगातील अनेक पर्यटन रेल्वेंना हिवाळा देतो, आपल्याला पावसाळा देतो. अल्प साधनांवर चालणाऱ्या रेल्वेची आयुर्मर्यादा अशा सक्तीच्या विश्रांतीने वाढते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

९/
१९५५ च्या सुमारास जर्मनीच्या युंग कारखान्याची डिझेल इंजिने माथेरानला आली. त्यांचा वर्ग एनडीएम-१. डिझेल इंजिनाला दाब चढण्याची वाट पाहावी लागत नाही आणि वाटेत पाणी भरावे लागत नाही. ‘वॉटर पाइप’ हे स्थानकाचे नाव वाफेच्या तहानेची आठवण म्हणून उरले. १९८० च्या दशकाच्या आरंभी येथील वाफेचे युग संपले. मोजक्या इंजिनांच्या प्रश्नावर माथेरानने दिलेले हे पहिले उत्तर : यंत्रच बदला, मार्ग जगवा.

१०/
या उत्तराची किंमत काय होती? चार भावंडे पांगली. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले. ७४० क्रमांकाचे इंजिन आधी अमेरिकेत आणि नंतर इंग्लंडमध्ये पोहोचले. ज्या डोंगरासाठी ती घडवली गेली होती, त्या डोंगरावर एकही नियमितपणे धावेनासे झाले. तरीही त्या निर्णयाला दोष देणे मला इतिहासाशी प्रामाणिक वाटत नाही. डिझेल आले नसते तर कदाचित मार्गच उखडला गेला असता. भारतातील कितीतरी नॅरोगेज मार्गांच्या वाट्याला तेच आले.

११/
दुसरे उत्तर दार्जिलिंगचे. १८८१ मध्ये पूर्ण झालेली दार्जिलिंग हिमालयन रेल्वेही दोन फुटी. तिच्या प्रसिद्ध बी वर्गाची ३४ इंजिने १८८९ ते १९२७ या काळात तयार झाली. बहुतेक ब्रिटनमध्ये, तीन अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यात आणि तीन चक्क तिनधारियाच्या स्वतःच्या कार्यशाळेत! डोंगराच्या कुशीतील एका दुरुस्तीशाळेने संपूर्ण इंजिन उभे केले, ही घटना आपल्या औद्योगिक इतिहासात जितकी मोठी आहे, तितकी तिची नोंद घेतली जात नाही.

१२/
३४ हा आकडा मोठा वाटतो. पण तो तराईच्या आणि तीस्ता खोऱ्याच्या शाखांसह विस्तारलेल्या जाळ्यासाठी होता. १९५० च्या पुराने तीस्ता खोऱ्याची शाखा वाहून गेली. हिलकार्ट रस्त्यावर मालमोटारी धावू लागल्या आणि चहा रेल्वेऐवजी रस्त्याने उतरू लागला. वाहतूक घटली की इंजिने ‘जादा’ ठरतात. जादा इंजिन शेडमागे उभे राहते, मग त्याचा एखादा पंप, एखादी झडप दुसऱ्यासाठी काढली जाते. काही वर्षांत ते इंजिन राहत नाही, सुट्या भागांचे कोठार बनते.

१३/
एका इंजिनाचे अवयव काढून दुसऱ्याला लावण्याची ही रीत सर्वत्र आढळते. तिच्यात तात्पुरता शहाणपणा आहे, दीर्घकालीन धोका आहे. प्रत्येक ‘दाता’ इंजिनागणिक एकूण संख्या एकाने कायमची घटते, आणि वाचलेला भाग तितकाच जुना असल्याने पुन्हा झिजतोच. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्तरंजनने वाफेच्या इंजिनांची निर्मिती थांबवली. त्यानंतर तर नवा भाग हवा असल्यास लाकडी साचा, ओतकाम, घडाई हे सारे एकेका नगासाठी करणे भाग पडले.

१४/
मनुष्यबळाचेही तसेच. बी वर्गाच्या इंजिनावर चालक आणि फायरमन एवढ्यानेच भागत नाही. कोळसा फोडणारा वेगळा, आणि निसरड्या चढावर चाके फिरू नयेत म्हणून पुढच्या बाजूस बसून रुळांवर वाळू टाकणारे दोघे वेगळे. हे काम पुस्तकातून येत नाही, धावत्या इंजिनावरच येते. म्हणून इंजिने घटली की शिकण्याची जागाही घटते. शेडमधला जुना मिस्त्री निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या हाताखाली उमेदवारी करण्याइतके काम उरलेलेच नसते.

१५/
डिसेंबर १९९९ मध्ये दार्जिलिंग रेल्वेला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्याच्या पुढच्याच वर्षी एनडीएम-६ वर्गाची डिझेल इंजिने लांबच्या गाडीवर आली! वरकरणी हा विरोधाभास वाटतो. पण हिशेब सरळ होता. न्यू जलपाईगुडीपासून सुमारे ८८ किलोमीटरची पूर्ण चढण म्हणजे जुन्या इंजिनाची सर्वांत कठोर झीज. तेवढीच वाफ दार्जिलिंग-घूम या छोट्या सहलगाडीवर खर्च केली तर प्रवासीही अधिक आणि उत्पन्नही अधिक.

१६/
हे दुसरे उत्तर : वाफ थोडी आहे, तर ती जेथे सर्वाधिक दिसेल तेथे वापरा. रेल्वे वाचते, पण तिचा अर्थ हळूहळू बदलतो. मैदानातून हिमालयात चढणे, झेड आकाराच्या उलटवळणांवर मागे-पुढे होत उंची गाठणे, यासाठीच ती बांधली गेली होती. जे इंजिन वरच्या टोकाला पर्यटकांना फिरवून आणते, ते खरे असते. त्याचे मूळ काम मात्र दुसऱ्या कोणाकडे गेलेले असते.

१७/
त्यातच २०१० मध्ये पागलाझोराजवळ मोठे भूस्खलन झाले आणि मार्ग तुटला. तिनधारियाची कार्यशाळा खाली, सहलगाडीची इंजिने वर. २०१५ मध्ये मार्ग पुन्हा जोडला जाईपर्यंत रेल्वे दोन तुकड्यांत जगली. जेथे इंजिने विपुल असतात, तेथे असा खंड सोसवतो. जेथे प्रत्येक इंजिन मोजून वापरायचे असते, तेथे दुरुस्तीशाळेशी तुटलेला संबंध म्हणजे श्वास कोंडणे.

१८/
आणि तरीही याच दार्जिलिंगने एकदा माथेरानला हात दिला. २००१ च्या सुमारास बी वर्गातील ७९४ क्रमांकाचे इंजिन सह्याद्रीत आणले गेले आणि माथेरानच्या वाटेवर पुन्हा वाफ दिसली. दोन्ही मार्ग दोन फुटी असल्याने हे शक्य झाले. एक कमतरता असलेली रेल्वे दुसऱ्या कमतरता असलेल्या रेल्वेला इंजिन देते, यात बंधुभाव आहे आणि हतबलताही. भूक दोघांची, भाकरी एकच.

१९/
तिसरे उत्तर निलगिरीचे, आणि ते सर्वांत धाडसी. मेट्टुपालयम ते कुन्नूर हा मीटरगेज मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला आणि १९०८ मध्ये उदगमंडलमपर्यंत पोहोचला. कल्लार ते कुन्नूर दरम्यान चढ सुमारे १२ फुटांमागे १ फूट. तेथे दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी आहे. इंजिनाखालचे दातेरी चाक तीत अडकवून गाडी वर चढते. इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असते, चढताना मागून ढकलते.

२०/
या कामासाठी स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथील कारखान्याने एक्स वर्गाची इंजिने १९१४ पासून पुरवली. शेवटची तुकडी १९५२ ची. त्यांना चार सिलिंडर असतात : दोन साध्या चाकांसाठी, दोन दातेरी चाकांसाठी. चढावर एकदा वापरलेली वाफच पुन्हा दुसऱ्या जोडीत वापरली जाते. कुन्नूरच्या वर दाते नसल्याने तेथे डिझेल चालते. खाली मात्र एक्स वर्गाला पर्याय नाही. माथेरानचा मार्ग येथे बंद, दार्जिलिंगचाही बंद. एक्स वर्ग थांबला की गाडी थांबली.

२१/
मग निलगिरीने काय केले? तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने जुन्या रचनेवरून नवी एक्स वर्गाची इंजिने बांधली! २०११ पासून तेलावर चालणारी इंजिने तयार झाली आणि २०२१ मध्ये कोळशावर चालणारेही बाहेर पडले. जगभर वाफेची इंजिने संग्रहालयात जात असताना एका सरकारी कार्यशाळेने शंभर वर्षांपूर्वीची, चार सिलिंडरांची, दातेरी चाकांची रचना पुन्हा धातूत उतरवली.

२२/
येथे वारसाशास्त्रातला जुना वाद उभा राहतो. २०११ चे इंजिन ‘वारसा’ कसे? धातू नवा, कारखाना वेगळा, इंधनही बदललेले. माझे मत असे की, हा प्रश्न मूर्तीसाठी योग्य आहे, रेल्वेसाठी अपुरा. धावत्या जुन्या इंजिनातही मूळ धातू किती उरलेला असतो? नळ्या अनेकदा बदललेल्या, चाकांच्या धावा बदललेल्या, कधी बॉयलरही. सातत्य असते ते रचनेचे, कामाचे आणि हातांच्या कौशल्याचे. पंढरीची वारी दरवर्षी नव्या पावलांनी चालते, म्हणून ती नवी ठरत नाही.

२३/
तरी एक सावधगिरी हवी. नवे आले म्हणून जुने भंगारात जाता कामा नये. मूळ इंजिनाच्या अंगावर त्याच्या प्रत्येक दुरुस्तीची खूण असते. तो आपल्यासाठी दस्तऐवज आहे. नव्या इंजिनाने रोजचा भार उचलावा, जुन्याला विश्रांती, अभ्यास आणि प्रसंगोपात्त धाव मिळावी, अशी वाटणी दोघांनाही न्याय देते. नवे इंजिन बांधण्याचा खरा लाभही हाच : शेडला उसंत मिळते. आणि उसंत मिळाली तरच कोणी तरी नवशिक्याला शिकवू शकतो.

२४/
पुन्हा माथेरानकडे. मे २०१६ मध्ये गाडी दोनदा रुळावरून घसरली आणि सेवा थांबवण्यात आली. पुढे डब्यांना एअर ब्रेक बसले, गाडी परतली. २०१९ च्या अतिवृष्टीने मार्ग पुन्हा खचला. अमन लॉज-माथेरान शटल आधी सुरू झाली, नेरळपासूनची पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये. दस्तुरीच्या पुढे खासगी मोटारींना बंदी असलेल्या या गावात ती शटल पर्यटकांची हौस भागवतेच. शिवाय वृद्ध, रुग्ण आणि रहिवासी यांच्यासाठी ती वाहन आहे.

२५/
म्हणूनच येथे इंजिनांच्या संख्येचा प्रश्न केवळ रेल्वेप्रेमींचा राहत नाही. सुट्टीच्या दिवशी आणखी एक फेरी वाढवा, ही मागणी रास्त वाटते. पण ती फेरी धुण्यासाठी ठेवलेल्या, तपासणीच्या रांगेतल्या इंजिनाने करायची असेल, तर आजचे तिकीट आपण उद्याच्या सेवेतून कापत असतो. थोड्या इंजिनांच्या रेल्वेत सर्वांत अवघड निर्णय ‘गाडी सोडा’ हा नसतो. गर्दी समोर उभी असताना ‘आज एवढ्याच गाड्या’ असे सांगणे, हा असतो.

२६/
तीन डोंगर, तीन उत्तरे. माथेरानने यंत्र बदलून मार्ग राखला. दार्जिलिंगने वाफ थोडक्या अंतरावर साठवून ठेवली. निलगिरीने यंत्र नव्याने घडवले. तिन्हींमागे एकच टंचाई आहे, आणि ती शेवटी लोखंडाची नसून वेळेची आणि कारागिरांची आहे. माथेरानची रेल्वे २००५ पासून युनेस्कोच्या प्रस्तावित यादीत आहे. तिचा अंतिम निर्णय काहीही होवो, नेरळच्या शेडमध्ये पुढील वीस वर्षे कोण काम शिकणार आहे, हा प्रश्न त्या यादीपेक्षा जवळचा आहे.

२७/
पुढच्या वेळी डोंगरी गाडी रद्द झाल्याची सूचना वाचाल, तेव्हा चिडण्याआधी एकदा फलाटाच्या टोकाशी जाऊन शेडकडे पाहा. तेथे एखादे इंजिन उघडे पडलेले असेल, त्याच्या नळ्या जमिनीवर ओळीने मांडलेल्या असतील. तुमची रद्द झालेली गाडी ती हीच, पुढल्या हंगामासाठी तयार होत असलेली.

धागा येथे संपतो. बार्शी लाइट रेल्वे आणि कॅलथ्रॉप यांच्यावर स्वतंत्र धागा लवकरच. आपल्या गावाजवळून कधी काळी नॅरोगेज जात असेल, तर तिच्या शेडचे पुढे काय झाले ते खाली अवश्य लिहा.